मागचा टायर गोटा झालाय, दुकानदार म्हणतो दोन्ही बदला

पत्र: ताई नमस्कार. माझ्या बाईकचा मागचा टायर पार गोटा झालाय, गेल्या दीड महिन्यात तीनदा पंक्चर झाला. दुकानात विचारलं तर म्हणाले पुढचा-मागचा दोन्ही बदला, ट्यूब, बॅलन्सिंग, लेबर सगळं धरून जो आकडा सांगितला तो ऐकून मी गाडी तशीच परत आणली. ऑनलाइन तोच टायर बराच स्वस्त दिसतोय. एक मित्र म्हणतो त्याच्याकडे 'कमी चाललेला' सेकंडहँड टायर पडलाय, जवळपास फुकटात देतो. धाकटा भाऊ म्हणतो दोन स्क्रू ड्रायव्हर दे, व्हिडिओ बघितलाय, घरीच बसवतो. सध्या हात जरा आखडलेला आहे, सगळ्यात स्वस्तात कसं जमेल ते सांगा. आणि मागे थोडा जाडा टायर टाकला तर चालेल का, दिसायला भारी वाटतो. – गोटा टायरवाला

उत्तर:

अरे गोटा टायरवाल्या, दुसऱ्या पंक्चरलाच टायर तुला ओरडून सांगत होता, तू ऐकलं नाहीस. रबर पातळ झालं ना की जो बारीकसा खिळा किंवा तारेचा तुकडा नव्या टायरच्या जाडीत नुसता रुतून बसला असता तोच थेट आतपर्यंत जातो, म्हणून गोटा टायर जास्त पंक्चर होतो, त्यात नशिबाचा काही संबंध नाही. त्या तीन पंक्चरचे पैसे आणि प्रत्येक वेळी गाडी ढकलत नेलीस ते, सगळं नव्या टायरच्या खात्यात आधीच भरून झालंय असं समज.

आधी उत्तर सांगून टाकते, मग फोड करते. फक्त मागचा टायर बदल (पुढचा तपासून), मूळ साईजचाच घे, नवाच घे, आणि जमत असेल तर चाक स्वतः काढून नुसतं चाक दुकानात घेऊन जा. मित्राला नको म्हणून सांग, भावाच्या हातातले स्क्रू ड्रायव्हर काढून घे. रबरावर फार पैसे वाचत नाहीत, वाचले तर ते नंतर अंगाशी येतात, पण रबराच्या आजूबाजूला जे बिल फुगत जातं ना तिथे मात्र बऱ्यापैकी वाचतात आणि मी सगळं तेच सांगणार आहे.

आता दुकानदार दोन्ही बदला म्हणाला ते. तो खोटंच बोलतोय असं मी म्हणत नाही, कदाचित खरंच पुढचाही गेला असेल, पण ते तू स्वतः बघू शकतोस आणि पाच मिनिटांचं काम आहे. टायरच्या कडेला साईडवॉलवर कुठेतरी छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय (म्हणजे टायर किती झिजला ते दाखवणारी खूण) असं लिहिलेलं सापडेल. तिथून सरळ वर नक्षीच्या खाचेत बघ, खाचेच्या तळाशी रबराचा एक छोटा उंचवटा असतो. बाईकच्या टायरला तो साधारण ०.८ मिलिमीटर उंच असतो. आजूबाजूची नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर संपला, विषय संपला. काही देशांत कायद्याची मर्यादा याहून कडक आहे, १ किंवा १.६ मिलिमीटर, त्यामुळे तुझ्याकडे काय नियम आहे तो एकदा बघून ठेव. पुढच्या टायरची नक्षी त्या उंचवट्याच्या चांगली वर असेल, साईडवॉलला तडे नसतील, कुठे फुगवटा नसेल, तर पुढचा राहू दे. मागचा टायर इंजिनची ओढ आणि बसलेल्या माणसांचं वजन दोन्ही झेलतो त्यामुळे तो आधी झिजतोच, बऱ्याच लोकांचे मागचे दोन टायर होतात तेव्हा पुढचा एक होतो. दोन्ही एकदम बदलायचा नियम वगैरे काही नाहीये.

एक अपवाद मात्र आहे. पुढचा टायर दिसायला चांगला आहे पण जुना झालाय, असं असेल तर तिथे कंजूषपणा नको, कारण जोरात ब्रेक मारल्यावर गाडीचं बहुतेक वजन पुढच्या चाकावर येतं आणि तिथलं रबर कडक झालेलं असेल तर नक्षी कितीही असो, चाक घसरतंच. वय कसं ओळखायचं ते खाली सांगते, त्यात माझी स्वतःची फजिती पण आहे.

त्याआधी जुन्या टायरला नीट बघ, फेकायच्या आधी. तो कसा झिजलाय ते वाच. फक्त मधोमध चपटा पट्टा झालाय आणि कडा नव्यासारख्या आहेत? सरळ रस्त्यावर खूप चालवलीस तर तसं होतंच पण हवा जास्त ठेवत असशील तरी होतं. दोन्ही बाजूंना जास्त झिजलाय आणि मध्ये कमी? हवा कमी ठेवून चालवलास. एकाच बाजूला झिजलाय तर चाक तिरकं बसलंय. आणि नक्षीवर हात फिरवल्यावर लाटा लागत असतील, उंच-खोल उंच-खोल, तर शॉकॲब्जॉर्बर किंवा चाकाचं बेअरिंग गेलंय नाहीतर बॅलन्सिंग बिघडलंय. हे का सांगतेय, कारण लोक टायर बदलतात आणि कारण तसंच ठेवतात, मग नवा टायरही अर्ध्या वेळेत जातो आणि शिव्या कंपनीला. तुझा टायर किती किलोमीटर चालला ते तू लिहिलं नाहीस. लक्षात असेल तर कुठेतरी लिहून ठेव, पुढच्या वेळी उपयोगी पडतं.

आता साईज. टायरच्या कडेवर समजा १००/९०-१७ ५५पी असं छापलंय. १०० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ९० म्हणजे उंची त्या रुंदीच्या ९० टक्के, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. पुढचा ५५ हा वजनाचा कोड आहे, ५५ म्हणजे २१८ किलो, आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत चालेल. जुन्या गाड्यांवर नुसतं २.७५-१८ किंवा ३.००-१८ असं इंचात लिहिलेलं असतं, तेही चालतं, फक्त दुकानदाराने 'हाच तो, नंबर वेगळा दिसतो' म्हणून दुसरं काही गळ्यात मारलं तर आधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये चालतं का ते बघ. वजनाचा आणि वेगाचा कोड मूळच्या एवढा किंवा जास्त असला पाहिजे, कमी नको. दोन माणसं आणि सामान घेऊन जाणाऱ्याने तर अजिबात कमी नको. स्वस्त टायर कधीकधी इथेच स्वस्त झालेला असतो, साईज तीच पण मागचा आकडा खाली, आणि तो आकडा कोणी वाचत नाही.

जाडा टायर. हं. हा प्रश्न दर तिसऱ्या पत्रात येतो. बघ, रिमची रुंदी तीच राहणार आहे ना, मग त्याच रिमवर जाडा टायर चढवला की तो दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि त्याची गोलाई बदलते, वर टोकदार होतो, सरळ चालताना जमिनीला लागणारा भाग वाढायच्या ऐवजी कमी पण होऊ शकतो. वळणावर गाडी जड वाटते, मायलेज पडतं, आणि कधीकधी चेनला किंवा चेनकव्हरला किंवा स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांना) घासतो. वर तो महागही असतो. हात आखडलेला आहे म्हणतोस आणि भारी दिसायला जास्त पैसे द्यायला निघालास, हे मला काही झेपलं नाही, त्यामुळे याचं उत्तर सरळ नाही असं आहे.

ट्यूब आणि ट्यूबलेसचं पण बघून घे कारण यात लोक फसतात. साईडवॉलवर ट्यूबटाइप किंवा ट्यूबलेस असं लिहिलेलं असतं. तारांचं म्हणजे स्पोकचं चाक असेल तर बहुतेक वेळा आत ट्यूब लागणारच, कारण प्रत्येक तारेच्या भोकातून हवा जाईल. त्या चाकावर ट्यूबलेस टायर चढवलास तरी आत ट्यूब घालावीच लागते, म्हणजे 'ट्यूबलेस घ्या, पंक्चरचं टेन्शन नाही' म्हणून जास्त पैसे घेतले तर ते फुकट गेले. ॲलॉय चाक असेल तर ते ट्यूबलेससाठी बनवलंय का ते रिमवर लिहिलेलं असतं, तेवढं वाच. सगळे ॲलॉय ट्यूबलेस नसतात.

आता तुझ्या मित्राचा सेकंडहँड टायर. तुझा मित्र चांगला आहे, देतोय फुकटात, पण टायर कशामुळे उतरवला ते त्याला विचार बरं. 'पडून होता' हे उत्तर मला पटत नाही. चांगला टायर कोणी उगाच उतरवत नाही, अपघात झालेल्या गाडीचा असतो, खड्ड्यात जोरात आपटलेला असतो, आतले धागे तुटलेले असतात आणि बाहेरून कळतसुद्धा नाही, किंवा नुसता जुना झालेला असतो. टायर एकदा उतरवताना त्याची बीड म्हणजे रिमला घट्ट बसणारी तारेची कड, ती ताणली जाते, वाईट हाताने उतरवला असेल तर दुखावलेली असते. ट्यूबलेसमध्ये तीच कड हवा धरते. रिमोल्ड म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले टायर, ते ट्रकला वगैरे वेगळ्या पद्धतीने करून चालतात पण बाईकला मी कुणालाही घ्या म्हणणार नाही. कारला चार चाकं असतात, एक दगा दिलं तर तीन उरतात. आपल्याकडे उरलेलं एक.

आणि वय. ही माझी फजिती. काही वर्षांपूर्वी एका दुकानात मला टायर बराच कमी भावात मिळाला, नवा कोरा, वरचे रबराचे केससुद्धा शाबूत, मी खूश होऊन बसवून घेतला आणि घरी येऊन हात धुताना सहज साईडवॉलकडे लक्ष गेलं. तिथे डीओटीपासून सुरू होणारी एक लांबलचक अक्षरांची ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा आणि नंतरचे दोन म्हणजे वर्ष. म्हणजे १४२३ असेल तर २०२३ सालातला चौदावा आठवडा. माझ्या 'नव्या' टायरचे आकडे वाचले तर तो गोडाऊनमध्येच सहा वर्षं काढून आला होता! परत गेले तर दुकानदार म्हणाला बसवलेला टायर आम्ही घेत नाही, आणि त्याचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही, बघायचं काम माझं होतं. तेव्हापासून मी पैसे देण्याआधी खाली बसून, कोण काय म्हणेल याची पर्वा न करता, चार आकडे वाचते. (ही ओळ बऱ्याचदा एकाच बाजूला पूर्ण असते, दुसऱ्या बाजूला चार आकडे नसतात, म्हणून टायर उलटून बघायचा. 'आकडे नाहीयेत' म्हणून सोडून देऊ नको.)

किती जुना चालतो? नीट सावलीत ठेवलेला वर्ष-दीड वर्षाचा टायर काही वाईट नसतो, उलट इथेच तुझी बचत आहे. मागच्या वर्षीचा माल दुकानदाराला काढायचा असतो, त्याला सरळ विचार, जरा आधीच्या तारखेचा असेल तर किती कमी करता? वापरात आल्यापासून पाच वर्षांनी टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी काढावा असं बऱ्याच टायर कंपन्या स्वतःच सांगतात. मी बाईकला दहापर्यंत जात नाही, पण ते माझं मत.

ऑनलाइन घ्यायचा का. घे, पण आधी हिशोब पूर्ण कर. ऑनलाइनचा भाव हा नुसत्या रबराचा भाव असतो. त्यात डिलिव्हरी, मग बसवायची मजुरी, आणि बाहेरून आणलेला टायर बसवायचा म्हटलं की बरीच दुकानं मजुरी वाढवून सांगतात, त्यात त्यांची चूक नाही, त्यांचं पोट टायर विकण्यावर आहे. शिवाय तारीख कुठली येईल ते हातात नसतं, साईज चुकली तर परत पाठवायचा खर्च, आणि कधीकधी टायर एकमेकांत कोंबून बांधून पाठवतात तर कड दबून येते आणि मग ती रिमवर बसताना त्रास देते. एवढं सगळं धरूनही स्वस्त पडत असेल तर खुशाल मागव, फक्त मागवायच्या आधी बसवून देणारा माणूस ठरव. टायर दारात आणि बसवणारा कोणी नाही, असं करू नको.

दुकानांना फोन करताना सगळ्यांना एकच प्रश्न विचार, शब्द न शब्द तोच, नाहीतर तुलना होतच नाही. एक जण नुसता टायर सांगतो, दुसरा ट्यूब धरून सांगतो, तिसरा लेबर धरून, आणि आपण तिसऱ्याला महाग समजतो. असं विचार, 'मागचा टायर, अमुक साईज, अमुक वजन-वेग कोड, चालू किंवा मागच्या वर्षीची तारीख. मी नुसतं चाक काढून आणणार आहे. टायर, नवी ट्यूब किंवा नवा व्हॉल्व्ह, चढवणं, बॅलन्सिंग, जुना टायर तुमच्याकडे ठेवणं, टॅक्स, सगळं मिळून एकूण किती?' मग दुसरा प्रश्न, 'आणि गाडीच आणली तर किती?' या दोन उत्तरांतला फरक म्हणजे तुझ्या घरच्या मेहनतीची किंमत. फरक किरकोळ असेल तर कशाला हात काळे करतोस, गाडीच घेऊन जा. चार ठिकाणी विचार. आणि गर्दीच्या दिवशी, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी किंवा पावसाच्या तोंडावर सगळे एकदम जागे होतात तेव्हा जाऊ नको, मधल्या वारी सकाळी गेलास की माणूस निवांत असतो, भावही ऐकतो आणि कामही घाई न करता करतो.

स्वस्त कंपनीचा घ्यावा की नावाजलेल्या कंपनीचा, हे तू विचारलं नाहीस पण विचारणारच आहेस. भाव किलोमीटरने भागायचा. समजा एक टायर १०० ला आहे आणि दुसरा १३० ला, कुठलंही चलन धर. पहिला १२ हजार किलोमीटर चालला, दुसरा १८ हजार. आणि प्रत्येक वेळी बसवायला २५ लागतात. पहिला पडला १२५ भागिले १२, म्हणजे हजार किलोमीटरला साधारण १०.४. दुसरा १५५ भागिले १८, म्हणजे ८.६. महागडा स्वस्त पडला, कारण मजुरी दर वेळी नव्याने द्यावी लागते. आता हे आकडे मी समजून चालण्यासाठी घेतलेत, खरे आकडे तुझ्यासारखीच गाडी चालवणाऱ्या लोकांना विचारून काढ. पण यात एक गोम आहे ती अशी, की जास्त चालणारा टायर बहुतेक वेळा कडक रबराचा असतो आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर कमी धरतं, मऊ रबर धरतं चांगलं पण लवकर झिजतं. रोज पावसात, तेलकट रस्त्यावर चालवणारा असशील तर नुसत्या किलोमीटरवर जाऊ नको. अगदीच अनोळखी नावाचा, तारीख नाही, कोड नाही, कुणाकडून तपासल्याची खूण नाही असला टायर मात्र कितीही स्वस्त असो, सोड. आणि पुढचा जर साधा (म्हणजे रेडियल नसलेला) असेल तर मागे रेडियल, म्हणजे आतले धागे वेगळ्या पद्धतीने घातलेला टायर, टाकू नको, मिसळायचे असतील तर गाडीच्या कंपनीने चालतं म्हटलेलंच मिसळायचं. रेडियल ओळखायचा कसा, तर साईजमध्ये आडव्या रेषेच्या जागी आर असतो.

आता भाऊ आणि त्याचे दोन स्क्रू ड्रायव्हर. त्याचा उत्साह मारू नको, त्याला चाक काढायच्या कामाला लाव, ते शिकण्यासारखं आहे आणि तिथे पैसे वाचतात. टायर रिमवरून उतरवणं-चढवणं मात्र त्याच्याकडे देऊ नको. स्क्रू ड्रायव्हरची कड धारदार असते, ती टायरची बीड कापते, रिमला ओरखडे काढते आणि ट्यूबला चावते, चढवताना ट्यूबला चावलेलं तर हवा भरल्यावरच कळतं. ट्यूबलेसची तर बीड रिमपासून सोडवायलाच जोर लागतो, आणि चढवल्यावर दोन्ही कडा फटकन जागेवर बसायला एकदम जोराची हवा लागते, ती पायाच्या पंपाने बहुतेक येतच नाही. लोक मग हवा वाढवत वाढवत नेतात, हे फार वाईट, टायरवर किंवा त्याच्या कागदात दिलेल्या मर्यादेच्या वर जायचं नाही, बऱ्याच टायरना ती ४० पीएसआयच्या आसपास असते. कड बसत नसेल तर हवा सोडायची, साबणाचं पाणी लावायचं, पुन्हा करायचं. एका टायरच्या मजुरीसाठी बोटं पणाला लावू नका रे.

चाक काढायचं असेल तर सेंटर स्टँड किंवा नीट मागचा स्टँड पाहिजे. विटांवर, दगडांवर, मोठ्या भावाच्या खांद्यावर गाडी टेकवायची नाही, स्टँड नसेल तर हा सगळा परिच्छेद सोड आणि गाडीच दुकानात ने. अॅक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) नट गाडी खाली असतानाच आधी सैल कर, स्टँडवर चढवून जोर लावलास तर गाडी हलते. उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढ, कुठला वॉशर कुठे, कुठला स्पेसर कुठल्या बाजूला, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, शेवटी एक बुश हातात उरतो आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात. चेन टाइट करायच्या खुणा कुठल्या रेषेवर आहेत ते टिपून ठेव. मागे डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचं पेडल अजिबात दाबू नको, पॅड आत येऊन बसतात आणि मग डिस्क आत जात नाही. एबीएस असेल तर सेन्सरच्या वायरला ओढ बसू देऊ नको. चाक हातात आलंच आहे तर बेअरिंगमध्ये बोट घालून फिरव, खरखर लागली किंवा अडकलं तर तेही याच फेरीत बदलून घे, नंतर पुन्हा चाक काढायची मजुरी कशाला.

दुकानात उभा राहा. मोबाईल बघत बाहेर बसू नको, समोर उभा राहा, नुसतं बघितलं तरी काम नीट होतं. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, तो चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेला पाहिजे, आणि नुसतं चाक घेऊन गेलास तर दुकानदाराला गाडी दिसत नाही, म्हणून चेनची बाजू कुठली ते तूच सांग. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा हलका भाग, तो व्हॉल्व्हच्या अगदी जवळ आणतात म्हणजे बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. ट्यूब असेल तर नवीच घाल, इथे वाचवू नको, जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घड्या पडतात आणि त्या घडीवर घासून ती फाटते, मग आलं पंक्चर परत. चांगला माणूस ट्यूबमध्ये एकदा हवा भरतो, पूर्ण सोडतो आणि पुन्हा भरतो, घड्या सरळ व्हाव्यात म्हणून. स्पोकचं चाक असेल तर आतली रबरी पट्टी पण बघून घे, फाटकी असेल तर तारांची टोकं ट्यूबला टोचतात. ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्ह नवा टाक, किरकोळ गोष्ट आहे. बसवून झालं की साईडवॉलवर रिमच्या अगदी जवळ गोल फिरणारी एक बारीक रेघ असते, ती रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेलेली दिसली तर टायर नीट बसलेला नाही, तिथल्या तिथे परत करून घे.

बिलात काय नाकारायचं? बॅलन्सिंग नाकारू नको, वेगात चालवत असशील तर ते लागतं. 'अलाइनमेंट'चे वेगळे पैसे लावले तर ते नेमकं काय करणार ते विचार, मागचं चाक बसवताना दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या ठेवणं हा चाक बसवण्याचाच भाग आहे. टायरमध्ये साधी हवा चालते, नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मी तरी देत नाही, साध्या हवेतही जवळपास ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंक्चर आपोआप बुजवणारं जेल नव्या टायरमध्ये आत्ताच नको. टायर चकचकीत करायचा काळा पॉलिश फुकट लावत असले तरी नको म्हण, नक्षीवर लागला तर घसरतो. बिल मात्र घे, तारखेचे ते चार आकडे त्यावर लिहून घे, टायरमध्ये बनवण्यातलाच दोष निघाला तर बिलाशिवाय कोणी उभं करत नाही.

घरी चाक परत बसवलं की अॅक्सलच्या नटाला मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा ताण द्यायचा, स्प्लिट पिन असेल तर जुनी वाकडी सरळ करून घालायची नाही, नवी घालायची. चेन किती सैल ठेवायची ते बहुतेक गाड्यांच्या स्विंगआर्मवर स्टिकरवर लिहिलेलं असतं. गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल दोन-चारदा दाबून बघ, डिस्क असेल तर पहिल्या एक-दोन वेळी पोकळ जातं, ते घराच्या दारातच कळलेलं बरं, पहिल्या सिग्नलला नको. ड्रम असेल तर रॉडचा नट आणि ड्रमला धरणारा आडवा आर्म परत जोडलाय ना ते दोनदा बघ. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर सरळ दुकानवाल्याकडून सगळं करून घे, त्या मजुरीला मी वायफळ खर्च म्हणणार नाही.

हवा किती, तर गाडीच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये जी लिहिलीय ती. टायरच्या कडेवर जो पीएसआयचा मोठा आकडा छापलेला असतो ती त्या टायरची वरची मर्यादा असते, तेवढी भरायची नसते, ही चूक फार लोक करतात. मोजायची टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघायच्या आधी. बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा मोज, तेवढ्यात बरीच उतरली असेल तर कड किंवा व्हॉल्व्ह गळतोय, लगेच परत जा, आठवड्याने गेलास तर कोणी मानणार नाही. पुढे पंधरा दिवसातून एकदा मोज, तेवढ्याने टायरचं आयुष्य जितकं वाढतं तितकं कुठल्याही ऑफरने वाढत नाही.

आणि नवा टायर पहिले १५० किलोमीटर तरी सांभाळून, त्याचा वरचा थर गुळगुळीत असतो, वळणावर एकदम झोपवू नको, जोरात ब्रेक नको, विशेषतः ओल्या रस्त्यावर. भावाला तर पहिला आठवडा चावीच देऊ नको.

टायर घेतलास की ते चार आकडे मला कळव, माझ्यापेक्षा ताजा मिळाला का बघू.

– ताई